ज्याची त्याची किल्ली

मंडळी, 'खाते' हा शब्द तुम्हांला नवा नाही. बँकेत खाते असते. साखर कारखान्यात उसाचे खाते असते. तलाठ्याकडे आठ-अ चा उतारा मागितला, तर तुमच्या खात्यावर किती जमीन आहे ते त्यात लिहिलेले असते. संगणकातही माणसांची खाती असतात. या पाठात त्या खात्यांविषयी वाचू.

संगणक आता गावाला अनोळखी राहिलेला नाही. ग्रामपंचायतीत आहे, सोसायटीत आहे, दूध संस्थेत आहे. आपल्या भागात तो तसा लवकरच आला. १९९८ साली वारणानगरच्या परिसरात कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या सत्तर गावांसाठी संगणक केंद्रांची योजना सुरू झाली. ऊस उत्पादकाने गावातल्या केंद्रात जावे, आपल्या उसाची नोंद, वजन, मिळायची रक्कम विचारावी आणि केंद्रातल्या माणसाने पडद्यावर पाहून सांगावी, असा बेत होता. पुढे त्यांतल्या काही गावांत संगणकाऐवजी मोबाइलच्या संदेशावर हेच काम करून पाहिले गेले. पण पहिली गोष्ट ध्यानात घ्या. यंत्र एक, आणि त्यावर माहिती साऱ्या गावाची! तेव्हा त्या यंत्रापुढे कोणी बसावे आणि बसणाऱ्याने काय काय उघडावे, हा प्रश्न त्याच दिवशी गावात आला.

दूध संस्थेचेच उदाहरण घेऊ. सकाळ-संध्याकाळ दूध येते. लिटर मोजतात, फॅट काढतात, आकडे संगणकात घालतात. दहा दिवसांनी बिल निघते. सचिव, मापाडी आणि हिशेबाला बसणारा एक तरुण, अशी तीन माणसे त्या एका संगणकावर हात चालवतात. यंत्र सुरू केले की परवलीचा शब्द विचारते. याला पासवर्ड म्हणतात. तिघांचा पासवर्ड एकच! तोही कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवलेला.

आमच्या तालुक्यातल्या एका संस्थेत असेच होते. एका दहावड्यात चार सभासदांचे फॅटचे आकडे बदललेले निघाले. वहीत एक, संगणकात दुसरे. सभा बसली. ज्याचे पैसे कमी आले तो तावातावाने बोलू लागला. सारा गाव सचिवाकडे पाहू लागला. सचिव म्हणाला, "मी हात लावला नाही." मापाडीही तेच म्हणाला. तो तरुणही तेच म्हणाला. संगणकाला विचारावे, तर तो एकच नाव सांगे, कारण तिघेही एकाच नावाने आत जात होते. चूक कोणाची ते शेवटपर्यंत कळले नाही. पैसे भरून दिले गेले, पण सचिवाने वीस वर्षे केलेल्या कामावर डाग पडला तो पडलाच. पुढच्या महिन्यात त्याने राजीनामा दिला.

हे मी वर्गात सांगितले तेव्हा एक गृहस्थ म्हणाले, "गुरुजी, समदी आपलीच मान्सं हायती. कुलूप कुनाला लावायचं?"

प्रश्न रास्त आहे. त्याला उत्तर असे, की त्या संस्थेत चोर होता असे मी म्हणतच नाही. कदाचित घाईत बोट चुकले असेल. पण तिघांची तीन खाती असती, तर कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणाच्या नावाने संगणक उघडला होता, हे यंत्राच्या आतल्या नोंदीत सापडले असते. ज्या दोघांचा संबंध नव्हता ते त्याच सभेत मोकळे झाले असते.

आता हे खाते म्हणजे काय ते पाहू. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवे असत. जमिनीत खोल खड्डे, वर तोंड बंद. शिवार एकच, पण प्रत्येक पेवातला माल वेगळा आणि त्याचा धनी वेगळा. संगणकाच्या आतही तसेच करता येते. प्रत्येकाला एक नाव द्यायचे, एक परवलीचा शब्द द्यायचा. मग संगणक त्याच्यासाठी एक वेगळी जागा राखतो. त्याचे कागद, त्याची चित्रे, त्याची पत्रे त्या जागेत राहतात. साधे खाते असलेला माणूस दुसऱ्याच्या जागेत डोकावू शकत नाही.

साधे खाते म्हणालो, कारण खाती दोन प्रकारची असतात. एक कारभाऱ्याचे, दुसरे साधे. कारभाऱ्याच्या खात्याला विंडोजमध्ये 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' म्हणतात, साध्याला 'स्टँडर्ड'. विंडोज म्हणजे संगणकाची सारी कामे चालवणारी मूळ व्यवस्था. अशा व्यवस्था आणखीही आहेत. लिनक्स नावाची एक फुकट मिळते, तिच्यातल्या कारभाऱ्याला 'रूट' म्हणतात. नावे निराळी, रीत तीच.

कारभारी नवी खाती काढू शकतो, जुनी बंद करू शकतो, दुसऱ्याचा पासवर्ड बदलू शकतो, नवे प्रोग्रॅम बसवू शकतो. मनात आणले तर दुसऱ्याची जागाही उघडू शकतो. हे विसरू नका. साध्या खात्याच्या माणसाला आपले रोजचे काम करता येते. त्याने नवा प्रोग्रॅम बसवायला घेतला, की बहुधा पडद्यावर पाटी येते आणि कारभाऱ्याचा पासवर्ड मागते. कारभारी जवळ नसेल तर काम तिथेच थांबते. वाड्यातल्या सुनेला स्वयंपाकघर मोकळे असते, पण कोठीची किल्ली सासूच्या कमरेला असते, तसेच हे. (सासू-सुनेचा हा कायदा मला फारसा पसंत नाही, पण संगणकात तो उपयोगी पडतो.)

तुम्ही म्हणाल, सचिव तर कारभारीच आहे, त्याने कारभाऱ्याच्या खात्यानेच रोज काम करावे. इथेच पुष्कळ जण फसतात. समजा, कोणी एक पेन ड्राइव्ह आणला आणि त्यात विषाणू, म्हणजे व्हायरस, आहे. हा रोग नव्हे. कोणीतरी मुद्दाम लिहिलेला तो खोडसाळ प्रोग्रॅम असतो. तुम्ही ज्या खात्यात बसला असाल त्या खात्याचा अधिकार घेऊन तो चालतो. साध्या खात्यात शिरला, तर त्या एका खोलीत धिंगाणा घालतो. कारभाऱ्याच्या खात्यात शिरला, तर साऱ्या वाड्याच्या किल्ल्या त्याच्या हाती लागू शकतात. म्हणून जाणते लोक स्वतःसाठी दोन खाती ठेवतात. रोजच्या कामाला साधे आणि महिन्या-दोन महिन्यांनी लागले तर कारभाऱ्याचे.

एक अडचण अशी, की नवा संगणक सुरू करताना जे पहिले खाते निघते ते कारभाऱ्याचेच असते. दुकानदार ते काढून देतो आणि जातो. दुसरे खाते कोणी काढतच नाही. मग सगळे गाव कारभारी!

तर दुसरे खाते कसे काढावे? विंडोज ११ मध्ये असे करा. आधी कारभाऱ्याच्या खात्याने आत जा. 'स्टार्ट' दाबा, 'सेटिंग्ज' उघडा. त्यात 'अकाउंट्स' आणि त्यात 'अदर यूजर्स' आहे. तिथे 'अ‍ॅड अकाउंट' दाबा. यंत्र ई-मेल विचारील. ई-मेल द्यायचा नसेल, तर या माणसाची माहिती माझ्याकडे नाही, अशा अर्थाची ओळ खाली इंग्रजीत असते, ती दाबा. पुढे मायक्रोसॉफ्टच्या खात्यावाचून माणूस जोडा, अशा अर्थाची ओळ येते, ती दाबा. मग नाव लिहा. पासवर्ड ज्याचा त्याला लिहू द्या, तुम्ही तोंड फिरवा. तीन प्रश्नही विचारतात, पासवर्ड विसरला तर ते कामी येतात. अशा रीतीने काढलेले खाते साधेच निघते. तरी 'चेंज अकाउंट टाइप' दाबून 'स्टँडर्ड' लिहिले आहे ना, ते डोळ्यांनी पाहून घ्या.

कामावरून चहाला उठताना खिडकीचे चित्र असलेली कळ आणि 'एल' हे अक्षर एकत्र दाबा. पडदा झाकला जातो. परत आलात की पासवर्ड घाला, काम होते तिथेच सापडेल. एवढे न करता उठलात, तर खाते निराळे असून काय उपयोग? दुसऱ्याने केलेले काम तुमच्या नावावर पडेल.

पासवर्डची चोरी ही काही आजची गोष्ट नव्हे. अमेरिकेत एम.आय.टी. नावाची मोठी विद्यापीठ-संस्था आहे. तिथे १९६१ साली फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सोबत्यांनी एक संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची व्यवस्था दाखवली. तेव्हा यंत्र खोलीएवढे आणि किंमत अफाट. प्रत्येकाला आठवड्याचे ठरावीक तास मिळत. एकाचे कागद दुसऱ्यापासून वेगळे राहावेत म्हणून पासवर्ड आले. आणि पुढच्याच वर्षी तिथल्या अ‍ॅलन शेर नावाच्या विद्यार्थ्याने साऱ्यांच्या पासवर्डांची यादी छापून घेतली! त्याला तास अपुरे पडत होते, म्हणून दुसऱ्यांच्या नावावर तो काम करू लागला. पुष्कळ वर्षांनी त्याने स्वतःच हे सांगितले.

आपल्याकडे आता असे करणे हा गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. त्यातल्या कलम ६६-सी प्रमाणे दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

अंगठ्याचेही सांगतो. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. प्रौढ माणसे कंदिलाच्या उजेडात पाटीवर अक्षरे गिरवू लागली. अंगठा देणे ही लाज वाटू लागली आणि सही करणे हा मान झाला. आज पाहा, यंत्र पुन्हा अंगठा मागते! पण हा अंगठा निराळा. निरक्षराची खूण म्हणून तो घेत नाहीत. तो दुसऱ्या कोणाजवळ नसतो, म्हणून घेतात. काही संगणकांना बोट ठेवायची जागा असते, तिथे पासवर्डऐवजी बोट चालते. तरी पासवर्ड माहीत असावाच लागतो. शेतात राबलेल्या बोटाच्या रेषा झिजतात आणि यंत्र ओळखत नाही, हे रेशनच्या दुकानात तुम्ही पाहिलेच आहे.

पासवर्ड लांब असावा. गावाचे नाव, मुलाचे नाव, जन्मतारीख, मोबाइलचा आकडा यांपैकी काही नको. एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार शब्द जोडले, तर लक्षात राहतात आणि दुसऱ्याला सुचत नाहीत.

आता कारभाऱ्याच्या पासवर्डाचे काय? तो एकाच माणसाच्या डोक्यात असला आणि त्या माणसाचे बरेवाईट झाले, तर संस्थेचे कपाट कायमचे बंद. बिले अडतात, आणि दुधाच्या पैशावर ज्यांची चूल चालते त्यांची पंचाईत होते. म्हणून संस्थेने ठराव करावा. पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात घालावा, पाकिटावर लाख लावून अध्यक्षांनी सही करावी आणि ते तिजोरीत ठेवावे. पाकीट फोडले तर का फोडले ते प्रोसिडिंगच्या वहीत लिहावे आणि पासवर्ड बदलावा. पडद्याला चिठोरा चिकटवणे निराळे आणि हे निराळे.

शाहू महाराजांच्या काळी साताऱ्याहून पेशव्याला वस्त्रे आणि शिक्के-कट्यार मिळत. शिक्का त्या पदाचा असे. संगणकातल्या अधिकाराकडेही तसेच पाहावे. मापाडी काम सोडून गेला, तर त्याचे खाते त्याच दिवशी बंद करा. मात्र एक जपा. खाते काढून टाकताना विंडोज विचारते, की याचे कागदही पुसू का? तिथे घाईने 'हो' म्हटले, तर त्या खोलीतले सारे जाते. आधी कामाचे कागद दुसरीकडे उतरवून घ्या.

खाती नीट ठेवली म्हणजे सगळे सुरक्षित झाले असे समजू नका. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले. पाण्याला पासवर्ड लागत नाही. यंत्र बिघडायलाही लागत नाही. म्हणून हिशेबाची एक प्रत वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या इमारतीत ठेवावी लागते. तो विषय मोठा आहे, पुढच्या पाठात घेऊ.

आणखी एक घोटाळा मिटवून टाकतो. संगणकाचे खाते वेगळे आणि त्याच्या आतल्या प्रोग्रॅमचे खाते वेगळे. हिशेबाच्या प्रोग्रॅमलाही स्वतःची नावे आणि पासवर्ड असतात. सातबाऱ्याच्या कामात फेरफाराची नोंद तलाठी घालतो आणि ती प्रमाणित मंडळ अधिकारी करतो. दोघे आपापल्या नावाने आत जातात. म्हणजे वाड्याचा दरवाजा एक, आणि आत प्रत्येक कपाटाला पुन्हा कुलूप. दूध संस्थेत कोणता आकडा कोणी बदलला हे नेमके हवे असेल, तर दुधाच्या प्रोग्रॅममध्येही तिघांची तीन नावे घालून घ्यावी लागतील. प्रोग्रॅम विकणाऱ्याला तसे स्पष्ट सांगा. "सगळ्यांना एकच चालतंय की," असे तो म्हणाला तर ऐकू नका.

करून पाहा : आपल्या दूध संस्थेत किंवा सोसायटीत जा. संगणकावर किती खाती आहेत, ते सचिवांना विचारा. नावे वहीत लिहा. प्रत्येक नावापुढे ते खाते कारभाऱ्याचे की साधे, ते लिहा. त्यांतली कोणती माणसे आज कामावर नाहीत, त्यांच्या नावाखाली रेघ ओढा आणि ती वही पुढच्या मंगळवारी वर्गात आणा.