दुकानात आणि मशीनवर राबणाऱ्या भगिनींची तब्येत

सांगली-सातारा भागातील आपल्या लोकांचे धंदे पाहिले, तर ज्याला घरातील बाईचा हात लागत नाही असा धंदा क्वचितच सापडेल. बागवानाच्या फळगाड्यावर दुपारी बायको बसते. मणेरांच्या दुकानात बांगड्या भरण्याचे काम बायकांकडेच असते. मिरज आणि कराडच्या मोहल्ल्यांतून शिलाईच्या मशीनचा आवाज रात्री दहापर्यंत थांबत नाही. तासगावकडे बेदाणा निवडायला बायकाच लागतात, आणि उन्हाळा आला की मिरचीच्या डंकावरही त्याच उभ्या असतात. मशीनला आपण वेळेवर तेल देतो, मालावर ताडपत्री घालतो. मशीन चालविणाऱ्या बाईची विचारपूस मात्र ती अंथरुणाला खिळल्यावरच होते. म्हणून या पाठात आम्ही भगिनींसाठी काही साध्या सवयी सांगणार आहोत. पण त्यांतील निम्म्या सवयी दुकानदाराने आणि कारखानदाराने मनावर घेतल्याशिवाय लागणार नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो.

पाण्याचेच घ्या. दिवसाला दोन-अडीच लिटर पाणी प्यावे, हे कोणत्या भगिनीला ठाऊक नाही? तरीही बाजारात बसणारी बाई सकाळी घरून निघताना चहा घेते आणि संध्याकाळी घरी परतेपर्यंत घोटभर पाण्यावर दिवस काढते. कारण उघड आहे. पाणी प्यायले तर लघवीला जावे लागेल, आणि जायला जागा नाही. पुरुष कोपरा शोधतो, बाई तहान मारते. यातून लघवीची जळजळ होते, वरचेवर ताप येतो, डोके दुखते, मुतखड्याला वाव मिळतो. मग औषधांवर पैसे जातात आणि चार दिवसांचा धंदा बुडतो. अशा बाईला ‘भरपूर पाणी पीत जा’ म्हणणे म्हणजे तिची थट्टाच होय. ज्या गाळ्यात बाई कामाला आहे तिथे कडी लागणारे, पाणी असलेले स्वच्छतागृह हवे. प्रत्येक गाळ्यात ते शक्य नसते हे आम्हांस मान्य आहे. पण एका ओळीतल्या पाच-सहा दुकानदारांनी मिळून एक बांधावे, सफाईचा खर्च वाटून घ्यावा आणि किल्ली बायकांच्या हाती द्यावी. हे जमल्यावर भगिनींनी बाटली समोर ठेवावी आणि तहान लागण्याची वाट न पाहता दर तासाला थोडे पाणी घ्यावे. लघवी अडवून धरू नये.

ही अडचण काही आपल्याच भागातली नाही. केरळात कोझिकोड शहरातल्या मिठाई तेरुवु या जुन्या बाजारपेठेत दुकानांत काम करणाऱ्या बायका संघटित झाल्या, त्या आधी स्वच्छतागृहासाठीच. त्यानंतर त्यांनी बसण्याचा हक्क मागितला. कापडाच्या मोठ्या दुकानांत गिऱ्हाईक नसतानाही त्यांना दिवसभर उभे ठेवले जात असे. पायांच्या शिरा फुगत, टाचा आणि कंबर दुखे. शेवटी २०१८ साली केरळ सरकारने कायद्यात दुरुस्ती करून दुकानात बसण्याची सोय करणे मालकावर बंधनकारक केले. २०२१ मध्ये तामिळनाडूनेही तसाच कायदा केला. एका स्टुलासाठी एवढा लढा द्यावा लागला! आपल्या दुकानदार बंधूंनी कायद्याची वाट न पाहता ते स्टूल आजच ठेवावे.

शिलाईवाल्या आणि निवडणीवाल्या भगिनींचे दुखणे उलटे असते. त्या उठतच नाहीत. नग मोजून पैसे मिळतात, म्हणून दोन-दोन तास मान खाली आणि पाठीला बाक. त्यांनी एक सवय लावून घ्यावी. एक नग संपला की, किंवा अर्धा तास झाला की, उभे राहून खांदे मागे घ्यावेत, मान सावकाश दोन्हीकडे वळवावी आणि दाराबाहेर दूर पाहावे. यात एक मिनिटही जात नाही. बसण्याची उंची अशी असावी की शिवताना खांदे वर उचलावे लागू नयेत. जमिनीवर बसून बेदाणा निवडणाऱ्यांनी भिंतीला पाठ टेकावी, ढुंगणाखाली जाड पाट किंवा गोणपाटाची घडी घ्यावी आणि पाय अधूनमधून पसरावेत.

डोळ्यांविषयी थोडे विस्ताराने सांगावेसे वाटते, कारण इथे नुकसान होते आणि कळत नाही. चाळिशीच्या आसपास जवळचे दिसणे सर्वांचेच कमी होते. बाई सुई ओवायला मुलीला हाक मारू लागते, काज-बटणाला वेळ लागतो, संध्याकाळी कपाळ दुखते. ती बाम लावते, पण चष्मा घेत नाही. लोक काय म्हणतील! आसामातील चहाच्या मळ्यांत चाळिशीपुढील ७५१ मजुरांवर एक चाचणी झाली. तिचा निष्कर्ष २०१८ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. जवळचे पाहण्याचा साधा चष्मा मिळालेल्यांची रोजची पानतोडणी, चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत सुमारे २१ टक्क्यांनी अधिक वाढली. त्यांत बायकाच जास्त होत्या. व्यापारी माणसाला यापेक्षा सोपा हिशेब कोणता द्यावा? दोन-तीनशे रुपयांच्या चष्म्याने कारागिराचा हात एवढा चालत असेल, तर तो दुसऱ्या कोणत्या भांडवलाने चालणार आहे?

आता खाण्याकडे येऊ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांत रक्त कमी आढळले. दम लागणे, पाय ओढत चालणे, चिडचिड होणे, याला घरात ‘कामाचा शीण’ म्हटले जाते. सकाळी चहा-खारी, दुपारी उरलेसुरले, आणि रात्री सर्वांचे झाल्यावर जेवण, असा क्रम असेल तर रक्त कुठून वाढणार? खर्चिक पदार्थ लागत नाहीत. घरून निघण्यापूर्वी ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खावी. डब्यात मेथी, राजगिरा किंवा हुलग्याची आमटी असावी आणि वर लिंबू पिळावे. लिंबामुळे डाळी-भाजीतील लोह अंगी लागते. चहा मात्र जेवणाला चिकटून घेऊ नये, तासभर अंतर ठेवावे. चहाने ते लोह अडते. लोहाच्या गोळ्याही चहाबरोबर घेऊ नयेत. हाडांसाठी नाचणी उत्तम. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. रमजानमध्ये दुकान आणि रोजा दोन्ही सांभाळणाऱ्या भगिनींनी सेहरी नुसत्या चहावर उरकू नये, आणि इफ्तारपासून सेहरीपर्यंत पाणी थोडे थोडे घेत राहावे. मधुमेह असेल किंवा दिवस गेले असतील, तर महिना सुरू होण्याआधीच डॉक्टरांना विचारून घ्यावे.

धुळीचे थोडक्यात. बेदाण्याला पिवळा रंग यावा म्हणून गंधकाची धुरी देतात. त्या धुराने दमेकऱ्यांचा श्वास कोंडतो. धुरी चालू असताना बायकांना शेडजवळ बसवू नये, आणि हवा पूर्ण खेळल्याशिवाय आत पाठवू नये. हळद-मिरचीच्या कामात नाका-तोंडावर घट्ट बसणारा मास्क हवा. पदर पुरत नाही. घरी गेल्यावर लेकराला घेण्याआधी हात-तोंड धुवावे आणि कपडे बदलावेत.

राहिली तपासणी. तिशी ओलांडलेल्या प्रत्येक भगिनीने वर्षातून एकदा रक्तदाब, साखर आणि हिमोग्लोबिन पाहून घ्यावे. गरोदर नसलेल्या बाईचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल, तर ते कमी समजतात. स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीविषयीही संकोच न करता विचारावे. सरकारी दवाखान्यात यासाठी फारसा खर्च येत नाही. अडचण वेळेची आहे, कारण तिथली ओपीडी सकाळची आणि दुकान उघडण्याची वेळही सकाळचीच. सातारा जिल्ह्यात म्हसवडला १९९७ साली चेतना सिन्हा यांनी माणदेशी महिला सहकारी बँक उभी केली. बँकेत यायचे तर दिवसाची मजुरी बुडते ही बायकांची अडचण ओळखून त्या बँकेने आपली माणसेच त्यांच्या दारी धाडली. तपासणीचेही तसेच करता येईल. व्यापारी मंडळाने तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना अर्ज देऊन बाजार बंद असलेल्या दिवशी पेठेतच तपासणी मागावी. ते होईपर्यंत मालकाने वर्षातून एक सकाळ पगारी सुटी द्यावी, आणि घरच्याच बाईची पाळी असेल तेव्हा गल्ल्यावर स्वतः बसावे.