फोटो कधीचा आहे?

बोळिंजमध्ये गळ्यात कॅमेरा अडकवून एखाद्या वाडीच्या कुंपणाशी थोडा वेळ उभं राहिलं, की आतून हमखास आवाज येतो, "काय पाहिजे? मोजणीवाले का तुम्ही?" सुरुवातीला हा प्रश्न ऐकून मला ओशाळल्यासारखं व्हायचं. आता तो रास्त वाटतो. विरार पश्चिमेच्या या पट्ट्यात गेली कित्येक वर्षं वाडीचे फोटो काढायला येणारा माणूस म्हणजे जमिनीचा दलाल, असाच लोकांचा अनुभव आहे. म्हणून इथे फोटो काढायचे असतील तर कॅमेरा आधी पिशवीत ठेवावा. आपण कोण, कुठल्या आळीतले, फोटो कशासाठी, हे सांगून टाकावं. पाच मिनिटं जातात, पण नंतर मालक स्वतः फाटक उघडून "इकडून घ्या, इकडून चांगला येईल" म्हणतो.

टिपण्यासारखं इथे पावलोपावली आहे. केळीच्या बागा, पानवेली, पहाटेच्या लोकलने दादरला जाणारी सोनचाफ्याची आणि जास्वंदाच्या कळ्यांची गाठोडी, लाल लुगड्यातल्या कुपारी, म्हणजे इथल्या सामवेदी ख्रिस्ती समाजातल्या, आजीबाई, रस्त्याच्या वळणावरचा क्रूस आणि त्यापुढे जळणारी मेणबत्ती. कौलारू घरामागे म्हाडाच्या इमारती एकदम आभाळात चढलेल्या दिसतात. तरी नवा कॅमेरा घेतलेला माणूस धावतो कुठे, तर राजोडीच्या नाहीतर अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर, सूर्यास्त टिपायला. माझी त्याला हरकत नाही. पण सूर्य उद्याही तिथेच मावळेल. बावखलाचं तसं सांगता येत नाही.

बोळिंज, नंदाखाल, आगाशी, उमराळे, गास या गावांतली बावखलं म्हणजे वाड्यांमधली गोड्या पाण्याची तळी. पावसाचं पाणी त्यांत साठतं, आजूबाजूच्या विहिरींना पाझर मिळतो आणि समुद्राकडून जमिनीखालून सरकणारं खारं पाणी रोखलं जातं. एकेकाळी त्यांच्या काठावरच्या रहाटांवर बागा भिजत, म्हशी डुंबत, पोरं पोहायला शिकत. पुढे टँकरने पाणी उपसून विकायचा धंदा फोफावला. त्याविरुद्ध आणि हिरव्या पट्ट्याच्या बचावासाठी हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. तिचं नेतृत्व करणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच नंदाखालचे. बावखलं मात्र एकेक करून मातीखाली जात राहिली. काही रस्त्यासाठी, काही इमारतींसाठी, तर काही केवळ कचरा टाकायला सोयीचा खड्डा म्हणून.

एका उन्हाळ्यात आमच्या जवळच्या एका बावखलाच्या कडेला राडारोड्याचे डंपर रिकामे होऊ लागले. आळीतल्या तरुणांनी अर्ज लिहिला आणि माझ्याकडे जुने फोटो मागितले. फोटो माझ्याकडे भरपूर होते, पण ज्या हार्ड डिस्कवर होते ती आदल्या पावसाळ्यातच बंद पडली होती. दुरुस्तीवाल्याने बऱ्याच फायली बाहेर काढून दिल्या. त्यांची नावं मात्र गेली होती, नुसते आकडे उरले होते, आणि तारखा सगळ्यांवर एकच पडली होती, त्याने फायली काढल्या त्या दिवसाची. मग मी ज्यांना वेळोवेळी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले होते त्यांच्याकडून परत मागवले. ते आले, पण व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवलेलं चित्र लहान होतं आणि कॅमेऱ्याने आत लिहून ठेवलेली तारीख, वेळ, ठिकाण पुसलं जातं. अर्ज जिथे दिला त्या कार्यालयातल्या माणसाने फोटो पाहिला, छान म्हणाला आणि विचारलं, "कधीचा आहे?" पाणी काठोकाठ होतं, म्हणजे पावसाळा. पण कुठल्या वर्षाचा? मागे इमारत नव्हती एवढंच मी सांगू शकलो. कोणत्या बाजूने काढला? एका बाजूला केळी, दुसऱ्या बाजूला केळी. ते चित्र बोळिंजच्या कुठल्याही बावखलाचं म्हणून खपलं असतं.

असा पेच भल्याभल्यांना पडला आहे. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या वाळवंटी मुलखात, न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ या खेड्याचा अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी काढलेला फोटो जगभर गाजला. दफनभूमीतले उजळलेले क्रूस, मागे बर्फाचे डोंगर आणि वर चंद्र. अ‍ॅडम्स यांनी तारीख टिपून ठेवली नव्हती. त्यामुळे तो फोटो वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या सालांचा म्हणून छापला गेला. 1980च्या सुमारास डेव्हिड एल्मोर या खगोलज्ञाने चंद्राच्या जागेवरून गणित मांडलं आणि 31 ऑक्टोबर 1941 हा दिवस काढला. पुढे 1991मध्ये डेनिस डी चिको यांनी अ‍ॅडम्स नेमके कुठे उभे होते ते शोधून हिशेब पुन्हा केला. उत्तर आलं 1 नोव्हेंबर 1941, दुपारी 4 वाजून 49 मिनिटं. उभं राहण्याची जागा थोडी चुकली तर अख्खा दिवस चुकतो. शिवाय तिथे साक्षीला चंद्र होता. आपल्या बावखलात असते जलपर्णी, ती काय सांगणार?

म्हणून मी आता जागा ठरवूनच फोटो काढतो, आणि तुम्हीही तसंच करावं असं सुचवतो. एखादी हलणार नाही अशी वस्तू पुढे धरायची, विहिरीचा कठडा किंवा क्रूसाचा चौथरा. मागे दूरची एखादी ठळक खूण घ्यायची, चर्चचा मनोरा किंवा पूर्वेकडचा जीवदानीचा डोंगर. दोन्ही एका रेषेत येतील तिथे उभं राहायचं. पुढच्या वर्षी ती रेषा पुन्हा जुळवली की तीच जागा सापडते. झाडावर विसंबू नये, झाडं तुटतात. मागचा डोंगर एखाद्या वर्षी इमारतीआड गेला, तर तोही फोटो काढावा, कारण हेच तर टिपायचं आहे. मेअखेरीस आणि ऑगस्टमध्ये असे दोन फोटो घेतले तरी पाण्याचं वर्षाचं गणित दिसतं. पाणी दगडाच्या कितव्या थरापर्यंत आहे, ते कळेल इतकं जवळून एक चित्र हवंच. मोबाईल पुरतो. फक्त त्यातली तारीख बरोबर आहे ना आणि ठिकाणाची नोंद चालू आहे ना, ते आधी पाहावं. दुसऱ्याला द्यायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, म्हणजे आतली माहिती शाबूत राहते. आणि प्रती तीन, त्यातली एक घराबाहेर.

सुंदर दिसावं म्हणून विजेच्या तारा, होर्डिंग, भरावाचा ढीग चौकटीबाहेर ठेवायचा मोह होतो. तो आवरणं मला अजूनही जड जातं. पण पन्नास वर्षांनी पाहणाऱ्याला केळीचं पान कुठेही पाहता येईल. कुठल्या साली इथे पहिला डंपर आला, हे त्याला तुमच्याच फोटोतून कळायचं आहे.

स्थानिक नावही लिहून ठेवावं, कागदोपत्री वेगळं असलं तरी. 1882मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी इथून जवळच्या सोपाऱ्याचा बौद्ध स्तूप उकरला. त्या टेकाडाला गावकरी बुरुड राजाचा कोट म्हणत, आणि पंडितांनी ते नाव आपल्या वृत्तांतात नोंदवलं. पुरातत्त्वाची पाटी लागली तरी तिथला पत्ता विचारताना जुनं नाव अजून कामाला येतं.

माणसांच्या बाबतीत मात्र घाई नको. विहिरीवर, बावखलावर बायका धुणं धुतात, तिथे कॅमेरा काढूच नये. लाल लुगडं आता वयस्कर बायकाच नेसतात, त्यामुळे बाहेरून येणारे त्यांच्यामागे लागतात. मला एक मावशी म्हणाल्या, "माझा फोटो कशाला? मी काय जत्रेतलं खेळणं आहे?" त्या दिवशी मी नुसत्या गप्पा मारल्या. पुढे त्यांनीच बोलावून, अंगावर दागिने घालून, खुर्चीत बसून फोटो काढून घेतला. तो त्यांना हवा तसा आहे, आणि त्यांचाच आहे.

खारा वारा आणि पावसाळी दमट हवा हे किनाऱ्यावरच्या कॅमेऱ्याचे खरे वैरी. जूनपासून चामड्याच्या पिशवीत पडून राहिलेल्या लेन्सवर दिवाळीपर्यंत बुरशीची जाळी दिसू लागते. घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मापक एवढं पुरतं. काटा चाळीस-पन्नास टक्क्यांत असावा. पुड्या ओल्या झाल्या की तापवून पुन्हा वापरता येतात.

शेवटी कागदावर प्रिंट काढाच. चिकट पानांच्या अल्बममध्ये लावू नयेत, थोड्या वर्षांत फोटो पानाला धरतो. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलने हलक्या हाताने तारीख, जागा, दिशा लिहावी. बॉलपेनचे वळ पुढे उमटतात. आणि पहिली प्रत वाडीच्या मालकाला द्यावी. एका काकांना मी अशीच दिली. त्यांनी चष्मा लावला, प्रिंट उलटी केली आणि मी लिहिलेलं त्यांचं आडनाव वाचून मान हलवली. "हे बावखल माझं एकट्याचं नाही. चार घरांचं सामाईक आहे. तसं लिही." मी खोडून तसं लिहिलं, आणि आणखी तीन प्रती काढून उरलेल्या तीन घरी पोचवल्या.