वॉकी-टॉकीच्या पोटातली फाइल

कम्युनिकेशनच्या व्हायवाला सुपरहेटरोडाइन रिसीव्हरचा ब्लॉक डायग्राम आपण डोळे मिटून काढतो. पण हातातला वॉकी-टॉकी पाच नंबरच्या चॅनलवर नेमकी कुठली फ्रिक्वेन्सी लावायची हे कुठून ठरवतो, असं विचारलं की बेंचवर शांतता! उत्तर अगदी साधं आहे. त्याच्या मेमरीत लिहून ठेवलेल्या सोळा बाइट्सवरून.

हे बाइट्स कॉम्प्युटरवर उतरवले की एक फाइल तयार होते. रेडिओवाले तिला कोडप्लग म्हणतात. शब्द मोटोरोलाकडून आला. जुन्या सेटमध्ये ही माहिती खरोखरच एका खोचायच्या मॉड्यूलमध्ये असायची. मॉड्यूल गेलं, नाव राहिलं. पुढे डॉसवर चालणारी प्रोग्रॅमिंग सॉफ्टवेअर्स आली. त्यांचं टायमिंग प्रोसेसरच्या वेगावर बेतलेलं असल्यामुळे वेगवान पीसीवर ती गडबडायची आणि अर्धवट लिहिलेला सेट मुका होऊन बसायचा. म्हणून कित्येक हॅम लोकांनी जुनाट ३८६, ४८६ मशीन्स केवळ या कामासाठी जपून ठेवली. काही जण तर सॉफ्टवेअरच्या फाइल्स हेक्स एडिटरने उघडून १४६ मेगाहर्ट्झची खालची मर्यादा १४४ करत, म्हणजे व्यापारी सेट हॅम बँडवर आणता येई. सॉफ्टवेअर मग मान डोलवायचं, पण सेटमधला व्हीसीओ तिथपर्यंत लॉक होईलच याची खात्री नाही. फाइलमध्ये काहीही लिहा, कॉइल आणि कपॅसिटर आपल्या जागीच असतात.

आता आपल्या ओळखीच्या सेटकडे येऊ. बाओफेंग यूव्ही-५आर हा २०१२ च्या सुमारास आलेला, खिशाला परवडणारा सेट. त्यासाठी चर्प नावाचं फुकट, ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, पायथॉनमध्ये लिहिलेलं. केबल माइक-स्पीकरच्या भोकांत जाते. सीरियल लाइनवर टीटीएल लेव्हल असते, आरएस-२३२ ची नाही, तेव्हा पीसीचा जुना सीरियल पोर्ट थेट जोडण्याचं धाडस करू नका. केबलमध्ये नकली प्रोलिफिक चिप निघाली तर विंडोजचा ड्रायव्हर रुसून बसतो, आणि प्लग पूर्ण आत दाबला नाही तरी 'सेट उत्तर देत नाही' असाच मेसेज येतो. सॉफ्टवेअरला शिव्या देण्यापूर्वी आधी प्लग दाबा.

या सेटला १२८ चॅनल, प्रत्येकी १६ बाइट. पहिले चार बाइट रिसीव्हची फ्रिक्वेन्सी, पुढचे चार ट्रान्समिटची. त्यानंतर दोन-दोन बाइट टोनचे. फ्रिक्वेन्सी दहा हर्ट्झच्या मापात, बीसीडीमध्ये आणि उलट क्रमाने लिहिलेली असते. समजा एक रिपीटर १४५.६५० वर बोलतो आणि १४५.०५० वर ऐकतो. पहिला आकडा झाला १४५६५०००. जोड्या पाडा, उलट करा: ०० ५० ५६ १४. दुसरा होतो ०० ५० ५० १४. टोन ८८.५ हर्ट्झ असेल तर ८८५ चं हेक्स ०३७५, तेही उलटं, म्हणजे ७५ ०३. मायक्रोप्रोसेसरच्या पेपरात रडवणारं लिटल एंडियन इथे हातात धरता येतं.

आता खरी गोम. दुसऱ्या आकड्यातल्या १४ चं चुकून १५ झालं तर? सेट चालू करा, रिपीटर खणखणीत ऐकू येईल, कारण रिसीव्हचे बाइट बरोबर आहेत. तुम्ही खुशीत बटण दाबून बोलाल आणि आवाज जाईल १५५.०५० वर, हॅम बँडच्या नऊ मेगाहर्ट्झ बाहेर. भारतात आपला बँड १४४ ते १४६ एवढाच. रिपीटरकडून उत्तर येणार नाही, तुम्ही रेंज नाही समजून पुन्हा पुन्हा बटण दाबाल, आणि तिकडे ज्याची फ्रिक्वेन्सी असेल त्याचं बोलणं कापलं जाईल. तो माणूस कुठल्या कामावर आहे हे तुम्हाला कळण्याचा मार्गच नाही. म्हणून नुसतं ऐकायच्या चॅनलवर मी ट्रान्समिटचे चारही बाइट एफएफ ठेवतो. चर्पमध्ये डुप्लेक्सच्या रकान्यात 'ऑफ' निवडलं की हेच होतं, आणि बटण दाबलं तरी सेट गप्प राहतो.

दुसरी सवय मोडायला हवी ती म्हणजे मित्राच्या सेटची आख्खी इमेज आपल्या सेटमध्ये ओतणे. फाइलमध्ये चॅनलच नसतात. बँडच्या मर्यादा, स्क्वेल्चच्या पातळ्या हेही असतं आणि फर्मवेअर बदललं की त्यातल्या काही गोष्टींची जागा बदलते. चर्प शहाणं आहे. फर्मवेअर जुळलं नाही तर ते चॅनल पाठवतं, पण बाकीच्या सेटिंग्ज रोखून तसं सांगतं. हेक्स एडिटर मात्र काहीच सांगत नाही.

गॅदरिंगला व्हॉलंटियर्सच्या हातात हे सेट देऊ या, ४४६ मेगाहर्ट्झ तर फ्री आहे, ही कल्पना होस्टेलवर दरवर्षी निघते. परवानामुक्त पट्टा आहे हे खरं, पण तो त्यासाठी मंजूर झालेल्या कमी पॉवरच्या सेटसाठी. आपला चार-पाच वॉटचा सेट फाइल बदलून तिथे नेला म्हणून तो परवानामुक्त होत नाही. अमेरिकेतही एफसीसीने २०१८ मध्ये यूव्ही-५आरच्या एका विक्रेत्याला, सेट मंजुरीबाहेरच्या फ्रिक्वेन्सीवर चालतो म्हणून नोटीस दिली होती. हॅमची परीक्षा द्या ना! सेकंड इयरच्या पोरांना ती जड नाही.

ज्याला हे करून पाहायचं असेल त्याने पहिलं काम सेट 'रीड' करण्याचं करावं आणि ती मूळ फाइल तारीख घालून दोन ठिकाणी ठेवावी. बदल केल्यावर 'राइट' करा, पुन्हा 'रीड' करा, दोन्ही फाइल्स ताडून पाहा. मग ॲन्टेना काढून ५० ओमचा डमी लोड लावा, पॉवर लो ठेवा आणि लॅबमधल्या फ्रिक्वेन्सी काउंटरवर ट्रान्समिटचा आकडा वाचा. हे शेवटचं काम परवानाधारक हॅमच्या देखरेखीखाली करा. माझ्याकडे परवाना आहे आणि केबलही, रविवारी सकाळी मेस उघडण्याआधी कुणीही दार वाजवावं.