चुना नाही, मग दगड उभे कसे?

यवतमाळला लागूनच लोहारा हे गाव आहे. तेथील कमलेश्वराचे जुने दगडी मंदिर तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. अशा मंदिरांना आपण ‘हेमाडपंती’ म्हणतो. हेमाडपंत हा देवगिरीच्या यादवांचा तेराव्या शतकातील मंत्री. पण ही बांधणी त्याच्याही आधीची आहे. ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथचे शिवमंदिर इ. स. १०६० मधील, म्हणजे हेमाडपंताच्या सुमारे दोनशे वर्षे आधीचे आहे.

या मंदिरांत दगडांच्या सांध्यात चुना भरलेला नसतो. मग शेकडो वर्षे हे दगड जागेवर राहिले कसे? कोणी म्हणतो, एका रात्रीत देवांनी बांधले. कोणी म्हणतो, दगड चिकटवण्याचे गुप्त औषध होते. खरे उत्तर साधे आहे. या बांधणीतला चुना म्हणजे दगडाचे स्वतःचे वजन!

प्रथम एक खडू घ्या. त्याची दोन्ही टोके बोटांत धरून तो वाकवा. कट्कन तुटला ना? आता दुसरा खडू टेबलावर उभा धरून वरून सरळ दाबा. तो बराच जोर सहन करतो. दगडाचाही स्वभाव असाच आहे. आपल्या भागातला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, प्रचंड दाब सोसतो. पण ताण सोसण्याची त्याची शक्ती दाबाच्या मानाने सुमारे दहाव्या हिश्शाइतकीच असते. म्हणून शहाणा कारागीर दगडाला होईल तितके दाबातच ठेवतो.

परंतु दोन खांबांवर आडवी तुळई ठेवली की ती स्वतःच्या वजनानेही किंचित वाकते. तिची वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते. जाडी-रुंदी तीच ठेवून लांबी दुप्पट केली, तर स्वतःच्या वजनामुळे मधोमध पडणारा ताण चौपट होतो! मंदिराच्या सभामंडपात खांब इतके जवळजवळ का असतात, हे आता कळले? खांबांच्या माथ्यावर दोन्ही बाजूंना पुढे आलेले दगडी आधार असतात, तेही केवळ शोभेचे नाहीत. त्यांच्यामुळे तुळईचा अधांतरी भाग कमी होतो.

आता छत पाहू. समजा, चार तुळयांच्या मधला चौक ४ मीटर बाजूचा आहे. त्याच्या चारही कोपऱ्यांवर एकेक त्रिकोणी दगड असा ठेवला, की बाजूंचे मध्यबिंदू जोडले जावेत. मध्ये तिरपा चौरस उरतो. त्याचे क्षेत्रफळ १६ चौरस मीटरवरून ८ वर येते. आणखी एक थर असाच रचला की ४ चौरस मीटर, म्हणजे २ मीटर बाजूचा चौक उरतो. असे थर रचत शेवटी उरलेली जागा एका शिळेने झाकता येते.

काही छते मात्र घुमटासारखी गोल दिसतात. तेथे दगडांची कडी एकावर एक रचलेली असतात आणि प्रत्येक कडे खालच्यापेक्षा थोडे आत सरकवलेले असते. पुढे आलेला दगड पडत का नाही? कारण त्याच्या मागच्या टोकावर वरचे वजन बसलेले असते. शिवाय कड्यातला प्रत्येक दगड शेजाऱ्याला आत घसरू देत नाही. वजन जितके जास्त, तितके घर्षणही जास्त. सांधा पक्का राहतो तो असा.

याच काळात युरोपातले कारागीर मोठ्या कमानी उभारत होते. फ्रान्समधील शार्त्र येथील चर्च ११९४ च्या आगीनंतर नव्याने उभे राहिले, ते कमानींवरच. कमानीतही दगड दाबात राहतो. पण कमान आधारांना बाहेर ढकलते. म्हणून तेथे भिंतींना बाहेरून दगडी टेकू द्यावे लागले. आपल्या मंदिरांतील भार मुख्यतः सरळ खाली उतरतो.

हे सारे सांगण्याचे एक कारण आहे. काही वर्षांपूर्वी मी विद्यार्थ्यांना घेऊन एक मंदिर पाहायला गेलो होतो. गावकऱ्यांनी मोठ्या भक्तीने वर्गणी काढून सगळे सांधे सिमेंटने बुजवले होते आणि खांबांना तैलरंग दिला होता. दोन-तीन पावसाळ्यांनी पुन्हा गेलो, तर मंडपात पाणी ठिबकत होते. विदर्भाच्या उन्हात दगड तापतो, रात्री निवतो. रोज किंचित फुगतो आणि आकसतो. मोकळा सांधा हे सोसतो. ताठर सिमेंटला मात्र बारीक तडे जातात, त्यांतून पाणी आत शिरते आणि ते सहजी वाळत नाही. छतावर सळयांचा स्लॅब टाकला, तर सळई गंजून फुगते आणि शेजारच्या भागाला फोडते. सांध्यात रुजलेला पिंपळ मोठा झाल्यावर ओढून काढला, तर मुळांबरोबर दगडही हलतात. तो रोप असतानाच काढायला हवा.

तुमच्या गावात असे मंदिर असेल, तर पुढच्या रविवारी वही-पेन्सिल घेऊन जा. खांबांमधले अंतर मोजा. तुळईच्या खालच्या बाजूला मधोमध तडा आहे का, पाहा. छताचे चित्र काढून चौरस मोजा. आणि जीर्णोद्धाराची सभा भरली, तर वडीलधाऱ्यांना नम्रपणे एवढे सांगा : “सिमेंट आणण्याआधी पुरातत्त्व खात्याला विचारू या. हे दगड चुन्यावाचून उभे आहेत, ते चुकून नव्हे, हिशेबाने!”

करून पाहा : २४ सें.मी. लांबीची पाच सारखी पुस्तके टेबलाच्या कडेला एकावर एक रचा. सर्वांत वरचे पुस्तक खालच्यापेक्षा १२ सें.मी. पुढे, दुसरे त्याच्या खालच्यापेक्षा ६, तिसरे ४, चौथे ३ आणि सर्वांत खालचे टेबलाबाहेर २ सें.मी. काढा. तोल अगदी काठावरचा आहे, म्हणून प्रत्येक पुस्तक किंचित आत ठेवा. वरचे पुस्तक सगळेच्या सगळे टेबलाबाहेर आले, तरी पडत नाही. का बरे? गुरुत्वमध्य कोठे आहे, ते शोधा.