सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की

तहसील कचेरीसमोर माझं टायपिंगचं टेबल आहे. उत्पन्नाचं, नावातल्या बदलाचं, वारसाचं, हरवलेल्या मार्कशीटचं, ज्याला जे लागेल ते प्रतिज्ञापत्र करून देतो. मी ख्रिस्ती. शपथ मुळीच वाहू नका, असं प्रभूने डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलं, आणि माझं पोट चालतं शपथपत्रांवर! आमच्या मंडळीत यावरून माझी थट्टा होते. होऊ दे. या टेबलावर बसून जे उमगलं ते लिहितो.

१. शपथा वाढल्या की कान टवकारावेत. वर्षाचं उत्पन्न विचारलं तर एखादा शेतकरी गप्प होतो, बोटांवर कांदा, सोयाबीन, दूध मोजतो आणि आकडा सांगतो. दुसरा आकड्याच्या आधीच आईशप्पथ, देवाशप्पथ करून पोराच्या डोक्यावर हात ठेवायला निघतो. मी काही न्यायाधीश नाही, सांगतील ते टाईप करतो. पण दुसऱ्याच्या कागदावर सही कुठे करायची ते दोनदा दाखवतो आणि वरचा मजकूर वाचायला लावतो. मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात येशू शास्त्री-परुश्यांवर याच कारणाने तापतो. मंदिराची शपथ मोडली तर चालते, मंदिरातल्या सोन्याची मात्र मोडायची नाही, अशा पळवाटा त्यांनी काढल्या होत्या. लहानपणी आम्हीही 'शप्पथ सुटली' म्हणवून घेऊन मोकळे व्हायचो. येशूचं म्हणणं मला असं समजतं की शपथेवर बोललेलं खरं आणि एरवीचं कसंही, हे दोन दर्जेच त्याला नको आहेत.

२. शपथ न घेताही साक्ष देता येते. सिनेमात पुस्तकावर हात ठेवतात, पण आपल्या १९६९ च्या शपथ कायद्यातल्या नमुन्यात पुस्तकाचा उल्लेखच नाही. ईश्वराच्या नावाने शपथ घ्या किंवा देवाचं नाव न घेता दृढकथन करा, वजन सारखंच. आज एका ओळीत मिळणाऱ्या या सवलतीसाठी इंग्लंडात माणसं तुरुंगात गेली. क्वेकर पंथाचे लोक येशूची आज्ञा शब्दशः मानत. राजनिष्ठेची शपथ नाकारली म्हणून १६६४ साली जॉर्ज फॉक्स आणि मार्गारेट फेल यांच्यावर लँकेस्टरला खटले झाले. बाईंना जन्मठेप आणि मालमत्ताजप्तीची शिक्षा झाली. राजाशी त्यांचं वैर नव्हतं, तोंडी शब्दावर भागवा एवढंच मागणं होतं. १६९६ मध्ये त्यांच्यापुरता कायदा सैल झाला. सगळ्यांना ती मोकळीक मिळाली १८८८ मध्ये, तीही चार्ल्स ब्रॅडलॉ या नास्तिकाच्या खटपटीने. पुढच्याच वर्षी ते काँग्रेसच्या अधिवेशनाला मुंबईत आले होते. देवाला मानणाऱ्यांनी सुरू केलेलं काम देव न मानणाऱ्याने तडीस नेलं, याची मला भारी गंमत वाटते.

३. ख्रिस्ती लोकांचंही यावर एकमत नाही. मेनोनाईट पंथाचे लोक शपथ घेत नाहीत. कॅथलिक आणि अँग्लिकन मंडळ्यांना अधिकाऱ्यासमोरची खरी शपथ चालते. खुद्द येशूला प्रमुख याजकाने देवाची शपथ घातली तेव्हा त्याने उत्तर दिलं, आणि पौल तर पत्रांमधून देवाला साक्षी बोलावतो. माझं मत विचाराल तर कोर्टातली शपथ घ्यावी, चहाच्या टपरीवरची सोडावी.

४. वाईट शपथ मोडावी. आमच्यातल्या एका गृहस्थाने बांधाच्या भांडणात शपथ वाहिली होती, धाकट्याचा उंबरठा चढणार नाही. पुढे पुतणीचं लग्न ठरलं. शपथ मोडली तर पाप लागेल म्हणून हा अडून बसला. पाळकसाहेब म्हणाले, "हेरोद राजाने पाहुण्यांदेखत दिलेला शब्द पाळला, म्हणून बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं डोकं गेलं. तुम्ही लग्नाला जा." गेला. तोंड वाकडं करून पंगतीत बसला, पण बुंदी दोनदा घेतली.

५. महाग पडला तरी शब्द पाळावा, हे मात्र फार अवघड. जुन्या करारात इस्राएलाचा पुढारी यहोशवा याच्याकडे गिबोनी लोक फाटके जोडे घालून, बुरसटलेल्या भाकरी घेऊन आले आणि लांबून आल्याचं नाटक करून अभय घेऊन गेले. तीन दिवसांत लबाडी उघडी पडली, लोक कुरकुरले, तरी इस्राएलाने शब्द फिरवला नाही.

एक आजी जमिनीच्या तुकड्याचं संमतीपत्र करायला आल्या. व्यवहार तोंडी ठरलेला, इसार नाही, कागद नाही. मधल्या काळात रस्त्याची आखणी झाली आणि भाव चढले. मी म्हटलं, "आजी, आता दुपटीने जाईल."

"ठाऊक हाय."

"मग?"

"दिवाळीत बोलले ना मी त्याला. तू लिही."

त्यांनी अंगठा उठवला आणि शाईचं बोट टेबलाच्या कडेला पुसलं. सत्यप्रतिज्ञेची ओळ मी नेहमीप्रमाणे टाईप केली होती. त्या कागदावर ती उगाचच होती.

६. भीड सोडून 'नाही' म्हणावं. बहुतेक शब्द मोडतात ते लबाडीने नव्हे, भिडेपोटी दिलेले. "बघतो", "करू की", "उद्या नक्की". आम्हा ख्रिस्ती लोकांकडे याहून सोवळी पळवाट आहे: "प्रभूची इच्छा असली तर येतो." नव्या करारातल्या पत्रात याकोबाने हे बोलायला सांगितलं ते नम्रतेसाठी, आमच्याकडे ते ऐकलं की यजमान एक ताट कमी मांडतो. मंडळीच्या इमारत निधीचंही तसंच. उपासनेनंतर उभं राहून आकडे जाहीर करायची रीत होती, टाळ्या पडायच्या, आणि खजिनदार वर्षभर वही घेऊन दारोदार फिरायचे. शेवटी पाळकसाहेबांनी जाहीर आकडे बंद केले. पाकिटात आणाल तेवढंच लिहून घेणार. पहिल्या रविवारी जमलेली रक्कम पाहून खजिनदारांचा चेहरा पडला होता. पण पावसाळ्याआधी पत्रे आले, आणि वहीत कुणाचीही बाकी नव्हती.