पाचवा गुण



घरातील आजोबांना वेळेवर भाकरी मिळते, गोळ्या मिळतात, अंथरूण स्वच्छ असते. तरीही ते उदास का असतात? या पाठात याचाच विचार करावयाचा आहे.

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन आपल्याच मलमूत्रात पडला होता. तो कोणाच्या उपयोगी पडत नव्हता, म्हणून त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाकडून पाणी आणविले. दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून मंचकावर निजविले. आईबाप येथे नाहीत, तेव्हा तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली पाहिजे, असे त्यांनी भिक्खूंना बजावले.

तेथेच शुश्रूषा करणाराचे पाच गुण सांगितले आहेत:

१) औषध तयार करता येणे.
२) पथ्य-अपथ्य ओळखणे.
३) लोभाने नव्हे, मैत्रीभावाने सेवा करणे.
४) मलमूत्राची किळस न करणे.
५) वेळोवेळी धम्माच्या गोष्टी सांगून रोग्याचे मन प्रसन्न ठेवणे.

आपण विसरतो तो पाचवा गुण. औषधपाणी पगारी बाई करील, वृद्धाश्रमातील सेवक करील. परंतु जवळ बसून बोलावयाचे कोणी?

आपल्या छत्रपती संभाजीनगरातच पाहा. १९५० साली बाबासाहेबांनी येथे महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. मुले शिकली, नोकरीसाठी पुण्या-मुंबईस गेली. हे योग्यच झाले. पण अनेकांचे आईबाप मागे राहिले. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी झाला आणि नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या काळात ज्यांनी मोर्चे काढले, तुरुंग भोगला, घरे जळताना पाहिली, ते आज म्हातारे झाले आहेत. दर १४ जानेवारीस आपण विद्यापीठाच्या कमानीपुढे गर्दी करतो, आणि त्या लढ्यातला घरचा माणूस खोलीत एकटा बसतो! हे आपल्याला शोभते काय?

२००७ च्या कायद्याने आईबापांना मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. सोबत मात्र कोणत्याही न्यायाधिकरणाकडून मिळत नाही. ती आपणच द्यावयाची असते.

म्हणून एवढे करा. सायंकाळच्या वंदनेत त्रिसरण-पंचशील आजी-आजोबांना म्हणावयास सांगा, आपण मागून म्हणा. नंतर थोडा वेळ बसून त्यांना जुनी हकिकत विचारा. नातवाने ती वहीत लिहावी. पौर्णिमेस त्यांना विहारात न्या. कोणी वृद्धाश्रमात असेल, तर फळे पाठवून थांबू नका, स्वतः जा.

स्वाध्याय: आज घरातील वृद्धांशी, जेवण आणि औषध सोडून, आपण काय बोललो?

जयभीम!