एका लिटरमागे किती रस्ता?

कोणी नवी मोटार घेतली की पाहुणे हमखास विचारतात, "गाडी ॲव्हरेज किती देते?" उत्तर येते, "लिटरला पंधरा" किंवा "लिटरला वीस". विद्यार्थी मित्रांनो, या साध्या उत्तरात मोजमापाची एक फसवी जागा दडलेली आहे. ती सापडावी म्हणून आधी हे कोडे सोडवा.

एक जीपगाडी लिटरला १० किमी जात होती. इंजिनाची नीट दुरुस्ती केल्यावर ती १२ किमी जाऊ लागली. दुसऱ्या एका कुटुंबाने लिटरला २० किमी जाणारी मोटार विकून ३० किमी जाणारी घेतली. दोन्ही गाड्या महिन्याला ६०० किमी धावतात. पेट्रोलची जास्त बचत कोणाची झाली?

बहुतेक जण म्हणतील, "दुसऱ्याची! तेथे १० किमी वाढले, जीपचे तर दोनच." आता कागद-पेन्सिल घ्या. जीपला पूर्वी ६०० ÷ १० = ६० लिटर लागत होते, आता ६०० ÷ १२ = ५० लिटर लागतात. बचत १० लिटर. मोटारीला पूर्वी ३० लिटर लागत होते, आता २० लागतात. बचत १० लिटरच!

उलटे मोजमाप

असे का झाले? आपल्याला जायचे असते ते अंतर ठरलेले असते. कमी-जास्त होते ते पेट्रोल. म्हणून 'एका लिटरमध्ये किती अंतर' यापेक्षा 'ठरावीक अंतराला किती लिटर' हा प्रश्न अधिक उपयोगी. युरोपातील बहुतेक देशांत तसेच मोजतात. तेथे १०० किलोमीटरला किती लिटर लागले ते सांगतात. १०० ला आपल्या ॲव्हरेजने भागा की ते उत्तर मिळते :

लिटरला ५ किमी — १०० किमीला २० लिटर
लिटरला १० किमी — १०० किमीला १० लिटर
लिटरला २० किमी — १०० किमीला ५ लिटर
लिटरला २५ किमी — १०० किमीला ४ लिटर

५ वरून १० वर गेलो तर दर १०० किमीला १० लिटर वाचतात. २० वरून २५ वर गेलो तर एकच लिटर वाचतो, जरी वाढ दोन्हीकडे ५ किमीचीच आहे.

हे हिशेब तोंडी जमतात याचे श्रेय मेट्रिक पद्धतीला. भारतात १९५६ साली त्यासाठी कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून ही मापे टप्प्याटप्प्याने लागू झाली. त्यापूर्वी आपल्याकडेही मैल आणि गॅलन होते. ब्रिटनमध्ये आजही गंमत आहे. पंपावर पेट्रोल लिटरने मिळते, रस्त्यावरच्या पाट्या मैल दाखवतात आणि गाडीचे ॲव्हरेज सांगतात ते गॅलनला किती मैल असे! शिवाय ब्रिटिश गॅलन ४.५५ लिटरचा, तर अमेरिकन गॅलन ३.७९ लिटरचा. त्यामुळे 'गॅलनला ४० मैल' याचा अर्थ ब्रिटनमध्ये लिटरला सुमारे १४ किमी, तर अमेरिकेत सुमारे १७ किमी होतो.

पेट्रोलचा दोरा

आता एक कल्पना करा. गाडी रस्त्यावर धावताना जेवढे पेट्रोल जाळते, तेवढे तिच्यामागे दोऱ्यासारखे अंथरत चालली आहे. हा दोरा किती जाड असेल?

लिटरला २० किमी जाणारी गाडी घेऊ. १ लिटर म्हणजे १०,००,००० घन मिलिमीटर. २० किमी म्हणजे २,००,००,००० मिलिमीटर. घनफळाला लांबीने भागले की छेदाचे क्षेत्रफळ मिळते. ते आले ०.०५ चौरस मिलिमीटर. म्हणजे दोऱ्याची जाडी सुमारे पाव मिलिमीटर, शिवणाच्या दोऱ्याइतकी! एवढ्या बारीक धारेवर हजार किलोग्रॅमची गाडी पळते. गाडी काटकसरी करायची म्हणजे हा दोरा आणखी बारीक करायचा.

ब्रेकमध्ये जाणारे पेट्रोल

दोरा जाड होण्याची कारणे गाडीत असतात, तशी रस्त्यातही असतात. १००० किलोग्रॅमची मोटार ताशी ७२ किमी, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने धावत आहे. तिची गतिज ऊर्जा काढा :

½ × १००० × २० × २० = २,००,००० जूल

समोर बैलगाडी आडवी आली आणि ब्रेक दाबला की ही सारी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. पुन्हा तोच वेग घ्यायला ती पेट्रोलमधून मिळवावी लागते. एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३ कोटी २० लाख जूल ऊर्जा असते, पण त्यातली साधारण चौथा हिस्सा, ८० लाख जूल, चाकांपर्यंत पोचते असे धरू. म्हणजे अशा ४० थांब्यांत एक लिटर संपले! एका थांब्याची किंमत २५ घन सेंटिमीटर पेट्रोल, म्हणजे आपल्या गाडीचा अर्धा किलोमीटर प्रवास. (विजेवर चालणाऱ्या आणि हायब्रिड गाड्या यातील काही ऊर्जा परत बॅटरीत साठवतात.)

फक्त मोटारींसाठी रस्ता

पहिल्या महायुद्धानंतर युरोपात मोटारी वाढल्या, पण रस्ते जुनेच होते. त्यांवर घोडागाड्या, सायकली, गुरे आणि पादचारी, सगळेच चालत. इटलीतील अभियंता पिएरो पुरिचेल्ली याने यावर तोडगा काढला : केवळ मोटारींसाठी, टोल भरून वापरायचा वेगळा रस्ता. मिलानहून वारेझेकडे जाणारा त्याचा पहिला टप्पा २१ सप्टेंबर १९२४ रोजी खुला झाला. जर्मनीत १९३२ साली कोलोन आणि बॉन या शहरांदरम्यान चौक नसलेला मोटारमार्ग सुरू झाला. ब्रिटनचा पहिला मोटारमार्ग १९५८ साली प्रेस्टन गावाला वळसा घालून गेला. आपला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला. त्यावर बैलगाड्यांना आणि पादचाऱ्यांना मज्जाव आहे.

चौक नाहीत, आडवी वाहने नाहीत, वळणे सौम्य. त्यामुळे गाडी एकसारख्या वेगाने चालते, ब्रेक क्वचित लागतो आणि पेट्रोलचा दोरा बारीक होतो.

पण वेगाची किंमत

मोकळा रस्ता दिसला की पाय ॲक्सिलरेटरवर दाबला जातो, आणि तेथे दुसरा नियम आडवा येतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग ६० वरून १२० झाला, म्हणजे दुप्पट झाला, की हवेचा विरोध चौपट. ८० वरून १०० वर गेलो तरी तो दीडपटीहून अधिक होतो. थांबे टाळून वाचवलेले पेट्रोल वेगाच्या हौसेपायी वाऱ्यावर जाते.

१९७३ च्या तेलसंकटाच्या वेळी सरकारांना हाच नियम आठवला. पश्चिम जर्मनीने काही रविवार मोटारी बंद ठेवल्या आणि मोटारमार्गांवर काही महिने ताशी १०० किमीची मर्यादा घातली. अमेरिकेने १९७४ साली देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किमीची मर्यादा आणली.

आज प्रश्न केवळ तेलाच्या किमतीचा नाही. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत मिसळतो. म्हणून गाडी कोणती घ्यावी, जुन्यापैकी कोणती आधी बदलावी आणि ती किती वेगाने हाकावी, हे ठरवताना 'लिटरला किती किलोमीटर' एवढेच विचारून भागणार नाही. १०० किलोमीटरला किती लिटर, हे विचारा.

करून पहा

१. घरच्या स्कूटरची किंवा मोटारीची टाकी पूर्ण भरून घ्या व किलोमीटरचा आकडा टिपून ठेवा. पुढच्या वेळी पुन्हा पूर्ण भरताना किती लिटर लागले आणि गाडी किती किलोमीटर चालली ते लिहा. १०० किमीला किती लिटर पडले?

२. लिटरला ५० किमी जाणाऱ्या स्कूटरच्या 'पेट्रोलच्या दोऱ्या'चे छेदक्षेत्रफळ काढा. (उत्तर : ०.०२ चौरस मिलिमीटर)

३. वेग ताशी ३६ किमी असेल, तर आपली १००० किलोग्रॅमची मोटार एका लिटरमध्ये किती वेळा थांबून पुन्हा वेग घेऊ शकेल? (उत्तर : १६० वेळा. वेग निम्मा, म्हणून गतिज ऊर्जा चौथा हिस्सा.)